दाम आणि मिंधेपणा

शेजारणीनें आपल्याकडे वाटीभर खीर पाठविली तर ती वाटी रिकामी परत करावयाची नाहीं, असा आपल्या घरांतून एक अलिखित दंडक आहे. घरांत दुसरें कांहीं नसलें तर वाटींत चिमूटभर साखर तरी घालावयाची, पण रिकामी वाटी द्यावयाची नाहीं. ह्या चालीला कोणी शिष्टाचार म्हणतात, कोणी शकुन म्हणतात. मला तींत एक सूक्ष्म नीतिविचार दिसतो. घेतल्याचें ओझें मनावर राहूं नये, ज्यानें दिलें त्याच्यासमोर पुन्हा उभें राहतांना मान किंचितहि खालीं जाऊं नये, ही त्या चिमूटभर साखरेमागची प्रेरणा आहे. मराठींत ह्या ओझ्याला 'मिंधेपणा' असा नेमका शब्द आहे. ऋण आणि मिंधेपणा हीं एक नव्हेत. ऋण फेडतां येतें. त्याला आंकडा असतो, मुदत असते. मिंधेपणाला आंकडा नाहीं, आणि म्हणूनच तो फिटत नाहीं. ॲरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्रांत ज्या उदात्तचित्त पुरुषाचें वर्णन केलें आहे, त्याला उपकार करणें आवडतें, परंतु उपकार घेतांना त्याला लाज वाटते. ह्या पुरुषाच्या अंगीं थोडा ताठा आहे खरा, आणि वर्गांत हा भाग शिकवितांना मुलांना हंसूं येतें. पण वाटींत साखर घालणारी त्यांची आजी त्याच जातीची होती, असें सांगितलें म्हणजे तीं विचारांत पडतात.

नीतिज्ञांनीं बाजाराची निंदा पुष्कळ केली आहे, आणि ती बव्हंशीं यथार्थहि आहे. तथापि बाजाराचा एक नैतिक गुण त्यांच्या नजरेंतून सुटलेला दिसतो. बाजार माणसाला मिंधेपणांतून सोडवितो. वाण्याकडून शेरभर गूळ घेऊन येणारा मनुष्य वाण्याचा उपकृत नसतो; दाम मोजला, माल घेतला, दोघेहि मोकळे झाले. ज्या काळीं अडल्या गरजेला भावकी, जात किंवा गांवचा पाटील ह्यांच्याच तोंडाकडे पाहावें लागे, त्या काळच्या मनुष्याला ही मोकळीक केवढी वाटली असेल ह्याची आज आपणांस कल्पनाहि येत नाहीं. पैशानें माणुसकी आटते हें जितकें खरें, तितकेंच पैशानें लाचारी संपते हेंहि खरें. आतां माझा प्रश्न असा आहे. जो मनुष्य इतरांइतकाच पुरा दाम मोजावयास तयार आहे, त्याला त्या दामावर आणखी मिंधेपणाहि मोजावा लागत असेल, तर त्याच्यावर अन्याय झाला असें म्हणावयाचें, कीं त्याची केवळ गैरसोय झाली असें म्हणून सोडून द्यावयाचें?

ह्या प्रश्नाच्या विचारासाठीं मी मुद्दामच एक लहानसें उदाहरण घेतों. रुग्णालय, न्यायालय, बँक ह्यांचीं उदाहरणें घेतलीं म्हणजे प्राण, स्वातंत्र्य, ठेव असे मोठमोठे शब्द मध्यें येतात आणि त्यांच्या भारानेंच निर्णय होऊन जातो. मी घेतों तें उदाहरण आहे बिऱ्हाड हलविण्याचें. आणि त्यांतहि, घरसामान हलवून देणाऱ्या एखाद्या स्थानिक कंपनीच्या इंटरनेटवरील संकेतस्थळाचें. तत्त्वचर्चेला हा विषय फार क्षुल्लक आहे असें ज्यांना वाटेल, त्यांनीं हेंहि लक्षांत घ्यावें कीं माणसाचा मान बहुधा अशा क्षुल्लक जागींच राखला किंवा घालविला जातो.

चाळीस वर्षांपूर्वीं पुण्यांत बिऱ्हाड हलवावयाचें म्हणजे एक हातगाडीवाला, दोन पुतणे, गोणपाट, सुतळीचें बंडल आणि शेजाऱ्यांनीं न मागतां दिलेला सल्ला एवढ्यावर काम भागे. आतां ह्या कामासाठीं 'पॅकर्स अँड मूव्हर्स' ह्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या कंपन्या गल्लोगल्लीं झाल्या आहेत, आणि त्यांच्या दारावर जाण्याचा मार्ग बहुधा त्यांच्या संकेतस्थळावरून जातो. तेथें एक फॉर्म असतो. कोठून कोठें जावयाचें, मजला कितवा, लिफ्ट आहे कीं जिना, कपाटें किती, पलंग किती, तारीख कोणती, हें भरलें कीं खर्चाचा अंदाज मिळतो. दोन-तीन कंपन्यांचे अंदाज एकमेकांशेजारीं ठेवून, रात्रीं जेवणें झाल्यावर नवराबायकोनीं घासाघीस करीत निर्णय घ्यावा, अशी ही सोय आहे, आणि ती चांगली आहे.

ज्याला डोळ्यांनीं दिसत नाहीं त्याला हा फॉर्म कसा भरतां येतो, हें पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. संगणकावर किंवा फोनवर 'स्क्रीन रीडर' म्हणून एक प्रणाली चालते; ती पडद्यावरील मजकूर मोठ्यानें वाचून दाखविते, आणि वाचणारा केवळ कळफलकावरील कळांनीं किंवा पडद्यावर बोटें फिरवून पुढें-मागें जातो. ह्यांपैकीं एक अतिशय लोकप्रिय प्रणाली २००६ सालीं ऑस्ट्रेलियांतील दोन अंध तरुणांनीं सुरू केली. ती विनामूल्य मिळते आणि मराठीहि वाचते. म्हणजे अंध मनुष्याच्या बाजूनें व्हावयाची तयारी झालेली आहे. अडचण उरते ती पलीकडच्या बाजूची. स्क्रीन रीडर अक्षरें वाचतो, चित्रांत काढलेलीं अक्षरें त्याला भरंवशानें वाचतां येत नाहींत. बटणाला आंतून नांव दिलेलें असेल तर तो तें नांव सांगतो. नांव नसेल तर नुसतें 'बटण' म्हणतो. चित्राखालीं त्याचें वर्णन लिहून ठेवलें असेल तर वर्णन वाचतो. नसेल तर 'चित्र' एवढेंच बोलून पुढें जातो.

माझ्या परिचयाच्या एक बाई एका शाळेंत इतिहास शिकवितात. त्या जन्मतः अंध आहेत. त्यांना भाड्याची जागा सोडून शहराच्या दुसऱ्या टोकाला जावयाचें होतें. डोळस माणसाचें घर त्याच्या डोळ्यांसमोर असतें. अंध माणसाचें घर त्याच्या स्मरणांत आणि तळहातांत असतें. मिठाचा डबा कोठें, औषधाची बाटली कोणत्या कप्प्यांत, पलंगापासून दारापर्यंत पावलें किती, हा सगळा नकाशा वर्षानुवर्षें मनांत कोरलेला असतो. बिऱ्हाड हलतें त्या दिवशीं परकीं माणसें हा नकाशा मोडून खोक्यांत भरतात. तेव्हां कोणाच्या हातीं घर द्यावयाचें, मोडतोड झाली तर जबाबदारी कोणाची, खोकीं कोणत्या क्रमानें उघडून देणार, हे प्रश्न त्या बाईंच्या दृष्टीनें आपल्यापेक्षां अधिक निकडीचे होते. त्यांनीं एका कंपनीचें संकेतस्थळ उघडलें. पहिल्या मिनिटांत त्यांना ऐकूं आलें तें असें: चित्र, चित्र, बटण, बटण, बटण. दरांचा तक्ता म्हणजे छापील कागदाचा काढलेला फोटो होता. कपाटें-पलंगांची संख्या वाढविण्याच्या खुणा होत्या, पण त्या सगळ्यांचें नांव 'बटण'. तारीख निवडण्याचें पंचांग फक्त माऊसनें उघडत होतें. हें सर्व कसेंबसें ओलांडून त्या शेवटाला आल्या, तो तेथें एक कोडें उभें होतें: आपण यंत्र नसून मनुष्य आहों हें सिद्ध करण्यासाठीं पुढील चित्रांपैकीं रस्त्यावरचे सिग्नल दिसणारीं चित्रें निवडा. मनुष्यत्व सिद्ध करण्यासाठीं डोळे असावे लागतात, ही व्याख्या माझ्या वाचनांत कोणत्याहि तत्त्वज्ञानें केलेली नाहीं.

मग त्यांनीं फोन केला. पलीकडचा मुलगा सौजन्यशील होता. "मॅडम, तुम्ही मुळीच काळजी करूं नका, आम्ही सगळें बघतों," असें तो म्हणाला, आणि त्यानें बऱ्याचशा गोष्टी खरोखरच बघितल्या. अटींचा कागद त्यानें पाठविला, तोहि फोटोच. बाईंनीं तो वाचून दाखविण्याची विनंती केली तेव्हां त्यानें दोन ओळी वाचल्या आणि "बाकीचें नेहमीचेंच आहे" असें म्हणून थांबला. बाईंनीं त्याचे आभार मानले. ह्या एका व्यवहारांत त्यांना तीन वेळां आभार मानावे लागले. तुम्हीं-आम्हीं दरांचा तक्ता वाचल्याबद्दल कोणाचे आभार मानले असते काय? दाम मात्र त्यांनीं आपल्याइतकाच मोजला.

येथें त्या कंपनीचा मालक म्हणेल, आणि त्याच्या जागीं आपणांपैकीं बहुतेक जण हेंच म्हणतील, कीं फोन आहे, माणूस आहे, मदत मिळते, मग तक्रार कसली? हा ह्या प्रश्नाचा खरा गाभा आहे. मदत मिळणें ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु जेथें इतरांना दार आहे तेथें एकालाच मदत देणें हें दार देण्यासारखें नाहीं. दारांतून मनुष्य आपल्या वेळीं येतो. मदत दुसऱ्याच्या वेळीं मिळते. दार कोणाला 'बाकीचें नेहमीचेंच आहे' असें सांगत नाहीं. दारांतून आलेल्याला आल्यापावलीं परतहि जातां येतें. पण पंधरा मिनिटें ज्यानें आपल्यासाठीं खर्च केलीं त्याला "तुमचा दर जास्त आहे, मी दुसरीकडे पाहतें" असें म्हणावयाला जीभ रेटत नाहीं. मिंधेपणा घासाघिशीचा हक्क काढून घेतो. शिवाय घरांत कोणकोणत्या वस्तू आहेत, मनुष्य एकटा राहतो कीं कसें, हें सर्व अनोळखी आवाजाला सांगावें लागतें तें वेगळेंच.

आणि फोन हा तरी सर्वांचा आहे काय? ज्याला ऐकूं येत नाहीं त्याला संकेतस्थळ हेंच सर्वांत सरळ दार. तेथें तो कोणाच्याहि बरोबरीनें फॉर्म भरतो; आणि शेवटीं पाटी येते कीं नोंदणी पक्की करण्यासाठीं आमचा प्रतिनिधि आपणांस फोन करील! आंधळ्याला जी मदत म्हणून पुढें केली तीच बहिऱ्याला भिंत होऊन आडवी येते. ज्याचे हात कांपतात त्याला बारीक बटणावर नेमका टिचका मारतां येत नाहीं. कोणाला सारणीवरची खूण बोटानें ओढीत नेणें अशक्य असतें. एकाच माणसाची एकच अडचण डोळ्यांसमोर ठेवून 'आम्ही मदत करूं' म्हणणाऱ्याचा हिशेब म्हणूनच नेहमीं कोठें तरी चुकतो.

आपल्या परंपरेंत ह्या बाबतींत एक अतिशय बोलका दाखला आहे. मनु आणि याज्ञवल्क्य ह्या दोन्ही स्मृतींत अंध वगैरेंना वडिलोपार्जित मालमत्तेंत वांटा नाकारलेला आहे. परंतु त्याच ठिकाणीं, ज्यांना वांटा मिळेल त्यांनीं ह्या माणसांस अन्नवस्त्र द्यावें, असेंहि सांगितलें आहे. म्हणजे स्मृतिकार निर्दय नव्हते. त्यांनीं दया शिल्लक ठेवली, वांटा काढून घेतला. 'भर्तव्य' म्हणजे पोसण्याजोगा, असा त्याला दर्जा दिला आणि 'अंशभाक्' म्हणजे हिस्सेदार, हा दर्जा नाकारला. धृतराष्ट्राचें राज्य पांडूकडे गेलें तें ह्याच न्यायानें. आणि त्याच्या उभ्या आयुष्यांत जी एक कडवट चिकाटी दिसते तिचें मूळ पुत्रप्रेमांत शोधणाऱ्यांनीं ह्या पहिल्या वंचनेकडेहि थोडें पाहावें. ब्रिटिश अमदानींत १९२८ सालीं कायदा होऊन, मिताक्षरेचा अंमल होता तेथें, केवळ रोग किंवा शारीरिक व्यंग ह्या कारणावरून वारसा नाकारण्याची ही पद्धत बंद झाली. जन्मजात वेडसरपणाचा अपवाद मात्र त्यांतहि राहिला, आणि तो १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें गेला. कायदा बदलला, पण मनांतला कोष्टक बदलावयास अधिक वेळ लागतो. आपल्या म्हणींकडे पाहा. 'आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन.' म्हणींतसुद्धां तो मागतच असतो! त्याच्या हातांत पैसे आहेत, तो गिऱ्हाईक आहे, त्याला दर पटला नाहीं म्हणून तो उठून चालला आहे, अशी एक तरी म्हण मराठींत आहे काय? मला तरी आठवत नाहीं.

कांटनें कर्तव्यांचे दोन वर्ग केले आहेत: पूर्ण कर्तव्यें आणि अपूर्ण कर्तव्यें. दान हें अपूर्ण कर्तव्य. करावें हें खरें, पण कोणाला, किती व केव्हां, हें बरेंचसें देणाऱ्याच्या मर्जीवर. उलट घेतलेलें कर्ज परत करणें हें पूर्ण कर्तव्य. तेथें मर्जीचा प्रश्न नाहीं, आणि तें केल्याबद्दल कोणी सत्कारहि करीत नाहीं. अपंगांसाठीं जें कांहीं करावयाचें तें सारें आपण नकळत दानाच्या खात्यांत लिहितों. संकेतस्थळ सर्वांना वापरतां येईल असें करणें हें माझ्या मतें त्या खात्यांतलें नाहीं. ज्यानें बाजारांत दुकान मांडलें, 'या' अशी सर्वांना हांक मारली, त्यानें त्या हांकेनेंच स्वतःला बांधून घेतलें. खासगी बैठकीचें दार कोणाला उघडावें हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. दुकानाचें दार तसें नाहीं.

ह्याच धंद्यांत पडलेला माझा एक जुना विद्यार्थी आहे. त्याचे पांच टेंपो आहेत. त्याच्याशीं ह्या विषयावर माझा पुष्कळ वाद झाला, आणि त्यानें घेतलेले आक्षेप कोणीहि व्यवहारी मनुष्य घेईल असेच होते. त्याचा पहिला आक्षेप हेतूचा. "सर, आम्हीं मुद्दाम कोणाला बाहेर ठेवलें नाहीं; चुलतभावानें एक तयार साचा विकत घेतला, त्यांत आमचें नांव आणि फोटो घातले, झालें संकेतस्थळ." हें त्याचें म्हणणें अक्षरशः खरें आहे. पण रस्त्यांत चर खणून रात्रीं त्यावर दिवा न ठेवणाऱ्या कंत्राटदाराचाहि कोणाला पाडण्याचा हेतु नसतो. हेतु नसणें ही गोष्ट द्वेषाच्या आरोपांतून सोडविते. दुर्लक्षाच्या आरोपांतून सोडवीत नाहीं. दुर्लक्षाचा आरोप लागण्यास चर आहे हें ठाऊक असणें किंवा सहज ठाऊक होण्याजोगें असणें पुरे.

ठाऊक असण्याची सोय तर केव्हांच झाली आहे. संकेतस्थळें सर्वांना वापरतां यावीं म्हणून काय करावें ह्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९९९ सालीं प्रथम प्रसिद्ध झाले. २००८, २०१८ व २०२३ सालीं ते सुधारून वाढविण्यांत आले. त्यांत गूढ कांहीं नाहीं. चित्राला शब्दांत वर्णन द्या. फॉर्मांतल्या प्रत्येक रकान्याला नांव द्या. माऊसवांचून केवळ कळांनीं सर्व कामें होतील असें करा. अक्षर आणि त्यामागचा रंग ह्यांच्या उजळपणांत निदान ४.५ : १ एवढें प्रमाण ठेवा. आपल्या भारतीय मानक ब्यूरोनेंहि आय. एस. १७८०२ ह्या नांवाचें मानक काढलें आहे. त्याचा पहिला भाग २०२१ सालचा आहे. इतकें असूनहि अमेरिकेंतील वेबएम ह्या संस्थेनें २०२४ सालीं दहा लक्ष संकेतस्थळांचीं मुखपृष्ठें यंत्रानें तपासलीं, तेव्हां त्यांपैकीं ९५.९ टक्के पृष्ठांवर ह्या नियमांचा भंग आढळला. आणि सर्वांत अधिक आढळलेला दोष म्हणजे फिकट अक्षरें. पांढऱ्यावर करड्या रंगांत लिहिण्याची ही जी हौस आहे ती मला स्वतःलाहि चष्मा पुसावयास लावते. पण 'उद्यां आपणहि म्हातारे होऊं, म्हणून आजच सोय करा' हा जो युक्तिवाद ह्या संदर्भांत नेहमीं केला जातो तो मला फारसा रुचत नाहीं. मी कधींच आंधळा होणार नाहीं अशी देवानें लेखी हमी दिली, तर त्या बाईंचा हक्क कमी होईल काय?

विद्यार्थ्याचा दुसरा आक्षेप संख्येचा होता. "आमच्याकडे अंध गिऱ्हाईक येतें कोठें?" २०११ च्या खानेसुमारींत भारतांत २ कोटी ६८ लक्ष अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, त्यांपैकीं कोणालाच बिऱ्हाड हलवावें लागत नसेल हें संभवत नाहीं. ज्या दुकानाच्या पायऱ्या चढतां येत नाहींत त्या दुकानांत लंगडा मनुष्य दिसत नाहीं, ह्यावरून गांवांत लंगडे नाहींत असें अनुमान काढणें तर्काला धरून नाहीं.

तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि हा मी हलक्या हातानें बाजूला सारणार नाहीं, कारण पांच टेंपोंच्या मालकाला हप्ते असतात. ह्या बाबतींत एक जुना दाखला उपयोगी पडेल. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकचें संकेतस्थळ अंधांना वापरतां येत नाहीं अशी तक्रार ब्रूस मॅग्वायर ह्या अंध गृहस्थानें तेथील मानवी हक्क आयोगापुढें केली. संयोजकांनीं उत्तर दिलें कीं हें काम करावयास वर्षाहून अधिक काळ आणि वीस लक्षांहून अधिक डॉलर लागतील. जाणकारांच्या साक्षी झाल्या, त्यांच्या मतें काम पुष्कळच लहान होतें; आयोगानें संयोजकांचें म्हणणें फेटाळलें. त्यांनीं तरीहि काम पुरें केलें नाहीं, तेव्हां वीस हजार डॉलर भरपाई द्यावी लागली. ह्यावरून खर्च मुळींच नसतो असें सिद्ध होत नाहीं. सिद्ध होतें तें एवढेंच कीं जें आपणांस करावयाचें नसतें त्याचा अंदाज आपण नेहमीं फुगवून सांगतों. घर बांधतांना उतार ठेवणें स्वस्त. बांधून झाल्यावर जिना फोडणें महाग. दरांचा तक्ता फोटो न काढतां टाइप करून घालणें ह्याला एक संध्याकाळ लागते.

ह्या खर्चाच्या भीतीवरच एक नवा धंदा उभा राहिला आहे. संकेतस्थळांत एक ओळ घाला, आमचें यंत्र सर्व दोष आपोआप दूर करील, कायद्याची भीति नको, अशी जाहिरात करणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यांपैकीं एकीवर, दावे खोटे होते म्हणून, अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगानें २०२५ सालीं दहा लक्ष डॉलर भरण्याचा आदेश प्रसृत केला. यात्रेला न जातां दक्षिणा पाठवून पुण्य मिळविण्याची युक्ति आपल्याकडेहि जुनीच आहे. पण तेथें निदान कोणाचा रस्ता अडत नाहीं. ह्या ओळी तर पुष्कळदां अंधाच्या स्वतःच्या स्क्रीन रीडरच्याच आड येतात.

आमच्या महाविद्यालयांतील तत्त्वज्ञानाच्या एका सहकाऱ्यानें मात्र निराळ्याच बाजूनें मला अडविलें, आणि तो आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. ते म्हणाले, "तुम्ही स्वावलंबनाची मूर्ति करून तिची पूजा मांडतां आहां. माणूस मुळांतच परावलंबी आहे. बाल्यांत, आजारांत, वार्धक्यांत आपण दुसऱ्याच्याच खांद्यावर असतों. मॅकिंटायरनें १९९९ सालीं एक सबंध पुस्तक हेंच सांगण्यासाठीं लिहिलें. मग त्या बाईंना फोनवरच्या मुलाची मदत घ्यावी लागली ह्यांत लज्जास्पद काय आहे? मदत घेण्याची लाज वाटणें हाच खरा दोष नव्हे काय?"

मी ह्यावर बरेच दिवस विचार केला. परावलंबन हें मनुष्यमात्राचें लक्षण आहे हें मला मान्य आहे. खरें पाहतां बिऱ्हाड हलविणारी कंपनी हें परावलंबनाचेंच उदाहरण आहे. तिजोरीएवढें कपाट चौथ्या मजल्यावरून मी एकटा उतरवूं शकत नाहीं. हमाल उतरवितात, मी बाजूला उभा राहून त्यांना सूचना करतों आणि त्यांची अडचण वाढवितों. ह्या वेळीं माझी दुर्बलता कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं, कारण समाजानें ती गृहीत धरून तिच्यासाठीं आधींच एक व्यवस्था, एक दर आणि एक शब्द तयार ठेवला आहे. मी 'गिऱ्हाईक' असतों. त्या बाईंची दुर्बलता माझ्यापेक्षां मोठी आहे असें नाहीं; तिच्यासाठीं आधींची व्यवस्था नाहीं, एवढाच फरक. म्हणून माझें परावलंबन हें 'सेवा' ठरतें आणि त्यांचें 'मदत' ठरतें. माझा आक्षेप परावलंबनावर नाहीं. त्याच्या विषम वांटणीवर आहे. एका वर्गाचें सगळें परावलंबन कराराच्या नांवें लिहावयाचें आणि दुसऱ्या वर्गाचें उपकाराच्या, आणि मग दुसऱ्या वर्गाला 'उपकार घेण्यांत लाज कसली' असा उपदेश करावयाचा, हें न्याय्य नव्हे. मदत घेण्यांतला गोडवा मलाहि ठाऊक आहे. पण तो गोडवा, नको म्हणण्याची मुभा असते तेव्हांच लागतो. त्या बाईंना पुष्कळ मैत्रिणी आहेत. नव्या घरांत डबे लावावयास त्या आनंदानें आल्या आणि बाईंनींहि आनंदानें येऊं दिल्या. दरांचा तक्ता वाचावयास त्यांना बोलवावें असें बाईंना वाटलें नाहीं, आणि तें मला पूर्ण समजतें. सहकाऱ्याचें पूर्ण समाधान झालें असें मी म्हणत नाहीं. ते म्हणतात कीं मी बाजाराला फार भाव देतों.

आपल्या कायद्यानें ह्या वादांत बाजू घेतलेली आहे. दिव्यांग व्यक्ति हक्क अधिनियम २०१६ सालचा. त्यांत सरकारी सेवांबरोबर खासगी सेवा देणारांवरहि, नियम प्रसिद्ध झाल्यापासून दोन वर्षांत आपल्या सेवा सुगम करण्याचें बंधन घातलें आहे. नियम २०१७ सालचे. म्हणजे मुदत २०१९ सालींच संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, ह्या नियमांतील मानकें केवळ शिफारशीवजा ठेवणें मूळ कायद्याशीं विसंगत आहे असें ठरविलें. आणि ३० एप्रिल २०२५ रोजीं, इंटरनेटवरील सेवांपर्यंत पोंचतां येणें हा घटनेच्या २१ व्या कलमांतील जीविताच्या हक्काचाच भाग आहे असा निर्णय दिला. ह्या दुसऱ्या खटल्यांत ॲसिडहल्ल्यांत जखमी झालेल्या व्यक्तीहि होत्या. ओळख पटविण्यासाठीं पडद्यासमोर पापणी मिटून उघडावी लागते, आणि त्यांना तें करतां येत नव्हतें. कायदा झाला म्हणून नीतीचा प्रश्न मिटत नाहीं हें खरें. पण जें दानाच्या खात्यांत होतें तें ऋणाच्या खात्यांत गेलें, आणि हा बदल लहान नाहीं. कायद्यांत 'वाजवी सोय' म्हणून एक कल्पना आहे. जिच्यामुळें बोजा प्रमाणाबाहेर जाईल अशी सोय ती मागत नाहीं. पांच टेंपोंच्या मालकाला ह्या शब्दाचा आधार आहे, आणि तो असावा.

माझ्या मनांत अजून एक गोष्ट सुटलेली नाहीं, ती म्हणजे हें ऋण नक्की कोणाचें. माझ्या त्या विद्यार्थ्यानें, वादाला कंटाळून म्हणा किंवा पटल्यामुळें म्हणा, कांहीं गोष्टी केल्या. दरांचा तक्ता आणि अटी त्यानें अक्षरांत लिहून घातल्या. बटणांना नांवें दिलीं. 'प्रतिनिधि फोन करील' ह्या ओळीपुढें 'किंवा संदेश पाठवील' असें लिहिलें, आणि कोणतें हवें तें निवडण्याची सोय केली. एवढें त्याच्या चुलतभावाला तीन रविवारांत जमलें. परंतु तारखेचें पंचांग साच्याबरोबर आलेलें आहे, आणि चित्रांचें कोडें दुसऱ्या एका मोठ्या कंपनीकडून येतें; तें बदलणें ह्या मुलाच्या हातांत नाहीं. हजारों लहान दुकानदार तोच साचा विकत घेतात. एक चूक साच्यांत राहिली कीं ती हजार दारांवर उमटते. येथें लहान मालकाला दोष देऊन थांबणें मला अपुरें वाटतें. ज्यानें साचा केला त्याचा वांटा मोठा, आणि त्याच्याकडे साधनेंहि अधिक. त्या मुलानें साचा विकणाऱ्या कंपनीला ह्याबद्दल पत्र लिहिलें. त्या कंपनीचा फोन नंबर कोठें सांपडत नाहीं. तिच्या संकेतस्थळावर एक फॉर्म आहे, तो त्यानें भरला आहे.